सगळ्यांच्या मागे बोधनकर

डोंगर चढताना बोधनकर कायम सगळ्यांच्या मागे असत. दम लागायचा म्हणून नव्हे. पन्नाशी उलटली होती, तरी आमच्यातल्या तिशीच्या लोकांना त्यांनी सहज मागे टाकलं असतं. मागे राहायचं हे त्यांनी ठरवलेलं होतं. त्यामुळे पुढे चालणाऱ्याला पाठीवर सतत त्यांची नजर जाणवायची. बुटाची नाडी सुटली, बाटलीचं झाकण सैल राहिलं की मागून संथ नागपुरी आवाज यायचा, "मेधा, डावा बूट." बस, तेवढंच. मी वैतागायचे. आईवडिलांपासून हजारो मैल लांब येऊन राहिल्यावरही कोणीतरी आपल्या बुटांकडे बघतंय, हे मला झेपत नसे.

आम्ही सिएटलच्या वरच्या अंगाला, बॉथेलमध्ये राहायचो. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये, माझा नवरा सतीशही त्याच धंद्यात. बोधनकर तिथल्याच एका बायोटेक कंपनीच्या प्लँटमध्ये क्वालिटी विभागात होते. नागपूरच्या औषध कंपनीत वीस-बावीस वर्षं काढून, ज्या वयात माणसं निवृत्तीचा हिशोब मांडायला लागतात त्या वयात, २००१ साली ते वर्क व्हिसावर इथे आले. बायको वंदनाकाकू आणि मुलगी रेवा. रेवाला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. आम्ही त्यांना तोंडावर काका म्हणायचो आणि पाठीमागे बोधनकर. पाठीमागे म्हणायची संधी फारशी मिळत नसे, कारण पाठीमागे तेच असत.

औषधाच्या कारखान्यात नोंदी ठेवण्याचे नियम फार कडक असतात, असं तेच सांगायचे. लिहिताना चूक झाली तर खाडाखोड करायची नाही, पांढरा रंग फासायचा नाही. चुकीच्या शब्दावरून एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर शब्द लिहायचा, आणि आपली आद्याक्षरं व तारीख टाकायची. कारखान्यात ते सगळेच पाळत असणार. बोधनकर ते घरीही पाळायचे. त्यांच्या फ्रिजवर दिवाळीच्या फराळाची यादी लावलेली होती. त्यात 'चकल्या ४०' वर एक रेघ, शेजारी '६०', आणि त्याखाली बारीक अक्षरात 'अ. बो.' आणि तारीख. मी हसले, तर काकू म्हणाल्या, "हसू नकोस गं. आमच्या लग्नाच्या आमंत्रणाच्या यादीतसुद्धा असंच आहे. माझ्या मामाच्या नावावर रेघ आहे आणि खाली सही आहे."

एकदा लायब्ररीच्या हॉलमध्ये आमच्या गणपतीच्या कार्यक्रमाची नावनोंदणी चालली होती. कोणीतरी चुकलेलं नाव पांढऱ्या शाईने पुसलं. बोधनकरांनी तो कागद उजेडात धरला आणि विचारलं, "इथे काय होतं?" कोणाला आठवेना. ते म्हणाले, "रेघ मारा ना बावा एक. आधी काय लिहिलं होतं ते दिसलं पाहिजे. आपण चुकलो होतो हे दिसलं तर काय बिघडते?" मग त्यांनी शोधून काढलंच कोणाचं नाव होतं ते, आणि त्या माणसाला फोन केला. तो खरंच येणार होता.

आणखी एक गोष्ट काकूंनी मला सांगितली होती, ती इथे सांगायलाच हवी. प्लँटमध्ये एका टाकीचं तापमान ठरावीक वेळी बघून सही करायची असे. एकदा दुपारच्या पाळीतला सहकारी ते विसरला. आधीचं आणि नंतरचं तापमान ठीक होतं, मधलंही ठीकच असणार. तो बोधनकरांना म्हणाला, तू तिथे जवळच होतास, सही कर आणि विषय संपव. बोधनकर म्हणाले, मी पाहिलं नाही, मग सही कशी करू. त्यांनी केली नाही. सगळा माल फेकून द्यावा लागला आणि तो सहकारी वर्षभर त्यांच्याशी बोलला नाही. "यांनी आयुष्यात न पाहिलेल्या गोष्टीवर सही केलेली नाही," काकू म्हणाल्या. त्यात अभिमान होता आणि थोडा वैतागही.

लाओसची कल्पना त्यांचीच. त्यांच्या प्लँटमध्ये लाओसहून आलेला एक म्हातारा तंत्रज्ञ होता. त्याने आपल्या मुलखाचे फोटो दाखवले: उत्तरेकडचे डोंगर, डोंगरांच्या खांद्यावर वसलेली गावं, एका गावातून दुसऱ्यात जायला फक्त पायवाट. पाच दिवस चालायचं, रात्री गावातच कोणाच्या तरी घरी झोपायचं. बोधनकरांनी वर्षभर तयारी केली आणि आमच्याकडून करून घेतली. आम्ही चौघं होतो: ते, मी, आणि प्रशांत व शिल्पा हे पुण्याचं जोडपं. दर शनिवारी माउंट साय चढायचा, पाठीवरच्या सॅकमध्ये इंडियन स्टोअरमधली वीस पौंडांची बासमतीची पिशवी घालून. शरद ऋतूत तिथे शिकारी फिरतात, म्हणून त्यांनी आम्हा चौघांना शिकारी घालतात तसल्या भडक नारिंगी टोप्या आणल्या. प्रत्येक थांब्यावर हजेरी. प्रशांत एक, शिल्पा दोन, मी तीन. शेवटी ते स्वतः म्हणायचे, "चार. मागे आहे." प्रशांतने एकदा तांदळाऐवजी सॅकमध्ये उशी घातली होती. बोधनकरांनी गाडीतून उतरताना त्याची सॅक एका बोटावर उचलली आणि डिकीतून तांदळाची जास्तीची पिशवी काढून त्याच्या हातात दिली. म्हणजे जास्तीची पिशवी त्यांनी आणलेलीच होती.

जायचं ठरलं २००६ च्या नोव्हेंबरअखेर, थँक्सगिव्हिंगची सुट्टी जोडून. आणि तिथे माझं आणि त्यांचं वाजलं.

आमची ग्रीन कार्डची फाइल सहा वर्षं रेंगाळत होती. फाइल चालू असताना देशाबाहेर गेलं तर परत यायला एक परवानगीपत्र लागतं, आणि त्यावर तारीख असते. माझ्या पत्रावर डिसेंबरचा पहिला सोमवार होता. त्या सोमवारपर्यंत मी अमेरिकेत परत पाऊल टाकलं नाही, तर फाइल बंद. माझी आणि सतीशचीही, कारण ती माझ्या नोकरीवर चालली होती. आमची तीन वर्षांची इरा अमेरिकेत जन्मलेली. ती इथली, आई बाहेर, असा तो हिशोब होता. नवीन पत्रासाठी अर्ज केला होता, पण ते यायला काही महिने लागणार होते.

बोधनकरांच्या स्वयंपाकघरात आमच्या कागदांच्या झेरॉक्स पसरल्या होत्या. त्यांनी माझ्या पत्रावर बोट ठेवलं.

"आपण शुक्रवारी सिएटलला उतरतो. तुझा कागद सोमवारी संपते. म्हणजे तुझं मार्जिन तीन दिवसांचं."

"पुरे झाले की तीन दिवस."

"तीन दिवसाला मी मार्जिन म्हणत नाही. तू नको येऊ. पुढच्या वर्षी जाऊ सगळे."

"काका, पुढच्या वर्षीही काहीतरी असेलच. आणि तुमचं काय? त्याच सोमवारी तुमचं ऑडिट आहे ना?"

त्यांच्या प्लँटची सरकारी तपासणी होती आणि सगळे कागद बोधनकरांच्या ताब्यात होते. त्यांची नोकरी गेली असती तर व्हिसाही गेला असता. कंपनीने त्यांच्या ग्रीन कार्डचा विषय अजून काढलाच नव्हता. रेवाचं शाळेचं शेवटचं वर्ष होतं.

"सोमवारी सकाळी आठला मी टेबलावर असतो," ते म्हणाले.

"म्हणजे तुमचंही मार्जिन तीनच दिवस," मी म्हटलं. प्रशांत हसला. बोधनकरांनी झेरॉक्स फोल्डरमध्ये लावून टाकली. मी त्यांना हरवलं होतं. सहा वर्षं फाइलच्या धाकाने मी कॅनडाची सीमासुद्धा ओलांडली नव्हती, आणि मला कुठेतरी जायचं होतं. त्या दिवशी घरी येताना मी गाडीत गाणं म्हणत होते, ते आठवलं की आजही लाज वाटते.

चालण्याचे पहिले तीन दिवस मला फारसे आठवत नाहीत, म्हणजे पुढच्या घटनेने ते झाकून टाकले. सकाळी दरीत धुकं असायचं. उतारावर कापून झालेल्या डोंगरी भाताचे खुंट. बांबूची जमीन असलेल्या घरांत आम्ही झोपायचो आणि चिकट भाताबरोबर बोधनकरांनी आणलेली जवसाची चटणी खायचो. वाटाड्या बुनमी नावाचा त्यांच्याच वयाचा माणूस होता, पूर्वी शाळामास्तर होता, इंग्रजी चांगलं बोलायचा. तो सगळ्यांच्या पुढे आणि बोधनकर सगळ्यांच्या मागे. दोघं दिवसभर एकमेकांशी बोलत नसत, पण संध्याकाळी शेजारी बसून बूट साफ करत. मग बोधनकर प्रवासाच्या वहीत त्या दिवसाची नोंद लिहीत.

चौथ्या दिवशी, सोमवारी सकाळी, बुनमीने पुढच्या गावाची माहिती दिली आणि बोधनकरांनी ती आम्हाला मुद्दे पाडून सांगितली. त्यांच्या सूचना नेहमीच लांबायच्या. मी टाचेवरच्या फोडाला पट्टी लावत बसले होते. पाचवा मुद्दा असा होता: गावात शिरताना लाकडी कमान लागेल, तिला हात लावायचा नाही. हात छातीशी धरायचे आणि मधून जायचं. मी "हो" म्हटलं. अर्ध्या कानाने ऐकलेल्या गोष्टीला म्हणतात तसं.

दुपारी आम्ही तिथे पोचलो. दोन खांब, वर आडवं लाकूड, त्यावर कोरलेले पक्षी आणि बांबूच्या पट्ट्या विणून केलेल्या चांदण्या. बुनमी, प्रशांत, शिल्पा आत गेले. माझी टाच ठणकत होती, मनात इरा होती, चार दिवसांत तिचा आवाज ऐकला नव्हता. समोर चौकट आली, वर चांदण्या लोंबत होत्या, आणि माझा हात आपोआप खाली गेला. खांबाच्या पायथ्याला बोटं लावली आणि कपाळाला टेकवली. लहानपणापासून देवळाच्या उंबऱ्याशी करतो तसं. हात खाली यायच्या आतच मला पाचवा मुद्दा आठवला.

मी मागे वळून पाहिलं. बोधनकर दहा पावलांवर उभे होते. त्यांनी सगळं बघितलं होतं, आणि एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच ते काही बोलले नाहीत.

उतारावरून पाणी घेऊन येणाऱ्या एका बाईनेही बघितलं होतं. ती ओरडत गावात पळाली.

आम्हाला एका घरात बसवलं. सात-आठ माणसं होती. कोणी आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त भीती वाटत होती. चुलीजवळ चार-पाच वर्षांची एक मुलगी घोंगडीत गुंडाळून पडली होती. तीन दिवस तिला ताप होता. तिची आई तिच्या डोक्यावर हात ठेवून बसली होती आणि आमच्याकडे बघत होती. बुनमीने हळू आवाजात सांगितलं: कमानीच्या आत माणसं राहतात, बाहेर बाकी सगळं. बाहेरच्या गोष्टी आत येऊ नयेत म्हणून ती कमान. घरात आजारी मूल असताना परक्याने कमानीला हात लावलाय. म्हाताऱ्याला, जो गावाचे विधी करतो त्याला, एवढंच विचारायचंय की हात कोणी लावला. त्या बाईने नारिंगी टोपी पाहिली.

आमच्या चौघांच्या डोक्यावर नारिंगी टोप्या होत्या.

मी तोंड उघडायच्या आत उजवीकडून आवाज आला, हजेरी द्यावी तसा.

"चार," बोधनकर मराठीत म्हणाले, आणि मग हात वर करून बुनमीला इंग्रजीत, "मी लावला."

"काका, अहो काय—"

त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. चहात साखर किती विचारावं, तशा आवाजात म्हणाले, "मेधा, तुझा सोमवार कोणता?"

"तुमचाही तोच आहे."

"माझं ऑडिट आहे. ते दुसरा कोणी करू शकते. तुझी फाइल दुसऱ्याला नाही करता येत. आता गप बस. हे लोक आपले चेहरे वाचून राहिले."

म्हातारा बराच वेळ बोलला. बुनमीने सांगितलं की कमानीला नवीन लाकूड बसवावं लागेल, डुक्कर कापावं लागेल, आणि हात लावणारा माणूस तिथे हजर हवा. पण कोणत्याही दिवशी नाही. त्यांचा आठवडा बारा दिवसांचा असतो आणि योग्य दिवस शुक्रवारी येत होता. प्रशांतने पैशांचं पाकीट काढलं. म्हाताऱ्याने त्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पैसे नकोत, बुनमी म्हणाला, माणूस हवा.

"यार, हे आपल्याला अडवू शकत नाहीत," प्रशांत म्हणाला. "उठूया आणि निघूया ना."

"अडवून कोण राहिलं?" बोधनकर म्हणाले. "दार उघडंच आहे. त्या पोरीकडे बघ, आणि मग निघ." प्रशांत बसून राहिला. मग बोधनकर आम्हाला समजावल्यासारखं म्हणाले, "हे पहा, डेव्हिएशन झालं, नियम मोडला. डेव्हिएशन झालं की करेक्टिव्ह ॲक्शन आलीच. यांच्याकडे त्याची पद्धत आहे. लिहिलेली नसेल, पण आहे. मी आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो, आता माझ्या सोयीचं नाही म्हणून पळून जाऊ?"

शुक्रवारी विधी, शनिवारी रस्त्यापर्यंत चाल, रविवारी तालुक्याचं गाव, मंगळवारी विमान. मी बोटांवर मोजलं. बुधवार. पुन्हा मोजलं, तरी सिएटलला पोचायला बुधवारच आला. मी उठून "हात माझा होता" म्हणाले असते, तर बुधवारी माझ्यासाठी अमेरिकेचं दार बंद झालेलं असतं. मी म्हणाले नाही. यात दुसरा कोणताही अर्थ काढण्यात अर्थ नाही. मी घाबरले होते, मला माझी मुलगी हवी होती, आणि मी गप्प बसले. जो माणूस न पाहिलेल्या तापमानावर सही करत नव्हता, त्याने न केलेल्या गोष्टीवर माझ्यासमोर सही केली आणि मी ती करू दिली.

मंगळवारी सकाळी आम्ही निघालो. आम्हाला रस्त्याला लावून बुनमी परत येणार होता. बोधनकर कमानीपर्यंत आले आणि आतल्या बाजूला थांबले. दोन्ही हात छातीशी. सोमवारच्या तपासणीत कोणता कागद कुठल्या कपाटात आहे हे त्यांनी एका पानावर लिहिलं होतं, ते माझ्याकडे दिलं. "काकूला दे. ती कंपनीत पोचवते." प्रशांत म्हणाला एक, शिल्पा रडत म्हणाली दोन, मी म्हटलं तीन. मग कोणीच काही बोललं नाही आणि आम्ही उतरायला लागलो. दिवसभर माझी पाठ मोकळी होती. नाडी सुटली तरी कोणी सांगणार नव्हतं.

सिएटलला इमिग्रेशनच्या माणसाने माझं पत्र उलटसुलट बघितलं, तारखेवर बोट ठेवलं, भुवया उंचावल्या आणि शिक्का मारला. बाहेर सतीशच्या खांद्यावर इरा झोपली होती. पार्किंगमध्ये मी त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आधी काकूंकडे जाऊ." त्याने घराकडे न जाता गाडी तिकडे वळवली, याबद्दल मी त्याची कायम ऋणी आहे.

काकूंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हात कोणी लावला होता?"

"मी."

"मला वाटलंच. हे विचारल्याशिवाय कशाला हात लावत नाहीत." त्या ओट्याकडे वळल्या आणि उगाच भांडी हलवत राहिल्या. रेवा दारात उभी होती. तिने विचारलं, "देन व्हाय इज बाबा द वन हू स्टेड?" मी बोधनकरांनी दिलेलं पान काढून ओट्यावर ठेवलं.

सोमवारी तपासणी झाली. ते पान कंपनीत पोचलं होतं, पण पान म्हणजे बोधनकर नव्हेत. बुधवारी आम्ही सगळे विमानतळावर गेलो. ते शेवटी आले, अर्थातच, सगळे प्रवासी बाहेर पडल्यावर. अंगावर धुराचा वास, दाढी वाढलेली, डोक्यावर टोपी नाही. "ती पोरगी उठून बसली," त्यांनी आल्या आल्या सांगितलं. "टोपी सोडायला तयार नव्हती, म्हटलं ठेव."

जानेवारीत त्यांची नोकरी गेली. कंपनीने पुनर्रचनेचं कारण दिलं. बोधनकर म्हणायचे, ऑडिटमुळे नाही, तसं कुठे लिहिलेलं नाही. जे लिहिलेलं नाही ते ते मानत नसत. मी मानते. महिनाभर त्यांनी दुसरीकडे खूप धडपड केली. त्या वयाच्या माणसाला, तेही व्हिसाच्या घाईत, कोण घेतं? रेवाचा व्हिसा वडिलांच्या व्हिसावर होता. शाळा संपायला चार महिने उरले असताना तिला जावं लागलं. माझी फाइल वाचली आणि त्यांच्या मुलीचं शेवटचं वर्ष अर्धवट राहिलं. मी हे कितीही वेळा लिहून बघितलं, तरी वाक्य असंच होतं.

सामान बांधायला मदत म्हणून मी त्यांच्याकडे गेले होते. स्वयंपाकघरात खोके पडले होते. फ्रिजवरची यादी अजून तिथेच होती. मी धीर करून म्हटलं, "काका, तुमच्या प्रवासाच्या वहीत त्या दिवशीची नोंद असेल. ती खोटी आहे. तिथे माझं नाव घाला. तेवढं तरी करा."

त्यांनी खोक्यातून वही काढून ते पान माझ्यासमोर धरलं. 'कमानीला हात लावला: अ. बोधनकर.' नावावरून एकच आडवी रेघ मारलेली होती. शेजारी लिहिलं होतं: 'माझ्या पुढे चालणारी व्यक्ती. मागे मी होतो.' खाली आद्याक्षरं आणि त्या शुक्रवारची तारीख.

"हे तुम्ही तिथेच लिहिलं?"

"विधीच्या सकाळी. बुनमी परत आला होता. त्याला म्हटलं, म्हाताऱ्याला खरं सांग. खोट्या माणसाला उभं करून त्या पोरीचं काही बिघडलं असतं तर? चार दिवस मला झोप नव्हती."

"मग? म्हातारा काय म्हणाला?"

"त्याला माहीत होतं. त्या बाईने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की हात बाईचा होता. मी विचारलं, मग मला कशाला ठेवून घेतलं? तर म्हणाला, ज्याने उत्तर दिलं तो." बोधनकरांनी वही मिटली. "मग त्यांनी मला लाकूड धरायला दिलं. चांगलं जड होतं. तांदळाच्या दोन पिशव्या सहज."

"नाव का नाही घातलं माझं?"

"रेकॉर्डला आवश्यक नाही," ते म्हणाले, आणि खोक्याला चिकटपट्टी लावायला मला हाताशी घेतलं. मी पट्टी धरली आणि ते कापत गेले. डोळ्यांतलं पाणी पुसायला माझे हात मोकळे नव्हते, आणि त्यांनी त्याकडे न बघण्याइतका चांगुलपणा दाखवला.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी आम्ही त्यांना सोडायला गेलो. सिक्युरिटीच्या पुढे आम्हाला जाता येत नव्हतं, म्हणून दोरीच्या अलीकडे उभे राहिलो. रेवा इराला बराच वेळ कडेवर घेऊन होती. माझ्याशी ती बोलली नाही, आणि ते योग्यच होतं. काकूंनी माझ्या गालावरून हात फिरवला आणि त्या गेल्या. आधी रेवा, मग काकू, आणि त्यांच्या मागे, बूट ट्रेमध्ये ठेवून, मोजे घातलेले बोधनकर.

धातू तपासायच्या चौकटीतून काकू पार झाल्या. पलीकडच्या अधिकारी बाईने बोधनकरांना थांबवलं आणि बाजूंना स्पर्श न करता या अशी खूण केली. बोधनकरांनी चौकटीकडे वर, खाली, नीट पाहिलं. मग दोन्ही हात छातीशी घेतले आणि सावकाश, बरोबर मधून पलीकडे गेले.

पलीकडे गेल्यावर ते वळले. गर्दीत आम्हाला शोधलं आणि दोन्ही तळवे वर करून मला दाखवले. ते हसत होते. मी हसायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तेवढ्यात त्यांची नजर खाली गेली. त्यांनी एक बोट माझ्या पायाकडे केलं.

डाव्या बुटाची नाडी सुटली होती. मी खाली वाकून ती बांधली, दोनदा गाठ मारली. उठले तेव्हा तिथे दुसरी माणसं होती.